ड्रायव्हरच्या बाजूचं दार

गोव्याहून परत आल्यापासून गल्लीतली प्रत्येक बाई मला एकच विचारते, "समुद्र कसा होता?" मी समुद्र पाहिलाच नाही. काजू आणले नाहीत, फोटो काढले नाहीत. शिलाईचं हातमशीन घेऊन गेले आणि बोटांना सुईची भोकं पाडून घेऊन आले. तरी मी सांगते, इतका चांगला प्रवास मला या वयात पुन्हा घडायचा नाही.

माझा धाकटा भाऊ दत्ता. गडहिंग्लजकडची आमच्या वेळची पोरं मुंबईला पळाली, हा गोव्याला गेला. डिचोली तालुक्यात पाळीच्या खाणीवर कामगारांची ने-आण करणारी बस चालवायला लागला, आणि तिथल्याच सुलक्षाशी लग्न करून कायमचा तिकडचा झाला. खाण बंद पडली तशी बस शेडमध्ये उभी राहिली. पुढे मालक ती भंगारात काढायला निघाला तेव्हा दत्ताने मागून घेतली. "अक्का, त्या गाडीचं घर करतोय," असं तो फोनवर म्हणाला, तेव्हा मला वाटलं याने सकाळीच लावली आहे. गोव्यात ती स्वस्त मिळते असं ऐकून होते.

पण तो शुद्धीत होता. सुलक्षाचं माहेर पेडणे तालुक्यातल्या इब्रामपूरला. तिचा भाऊ गुरुदास याने आपल्या काजूच्या बागेला लागून जागा दिली होती. बस तिथे नेऊन उभी केली होती आणि दत्ता एकटाच तिच्यावर खपत होता. "गाद्या आणि पडदे तेवढे तू शिव. शिंप्याला द्यायला पैसे न्हाईत," म्हणाला. सख्ख्या बहिणीला यापेक्षा गोड आमंत्रण कोण देणार? तुळशीची लग्नं आटोपल्यावर मी मशीन पोत्यात बांधलं आणि निघाले.

म्हापसा

सुलक्षाने मला मुद्दाम म्हापशालाच उतरायला सांगितलं होतं, कारण शुक्रवार होता आणि शुक्रवारचा म्हापशाचा बाजार सोडणं तिच्या हिशेबी पाप. मशीन मांडीवर घेऊन बसल्यामुळे माझे पाय पार मेले होते. कंडक्टरने वाटेत दोनदा विचारलं, "मावशी, पोराचं अर्धं तिकीट काढायचं का?" मी म्हटलं, "काढा की, पण खिडकीची जागा द्या त्याला." 

स्टँडवर सुलक्षा वाट पाहत उभी होती. बारीक, काटक बाई. डिचोलीत एका कँटीनमध्ये भाज्या चिरायचं काम करते, त्यामुळे चालतेही सुरी चालल्यासारखी भरभर. मशीन तिने माझ्या हातातून ओढूनच घेतलं.

"अक्का, आधी खावया. रिकाम्या पोटान बाजार करू नये, भलतांच काय तां घेतलां जाता."

तिने भाजी आणि उंडो मागवला. उंडो म्हणजे वरून कडक, आतून मऊ असा गोल पाव. भाजी पातळ, ओल्या खोबऱ्याची. आमच्या कोल्हापूरकडच्या जिभेला तिखट कुठे शोधू असं झालं. तसं म्हटल्यावर सुलक्षाने मिरचीची भजी समोर ठेवली आणि मी तोंड भाजून घेतलं. मग दोघी हसत बाजारात शिरलो.

केळीचे घड, मातीची मडकी, माशांचा वास, सुक्या सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, ढीग, मिरच्यांच्या माळा. मी पडद्यांसाठी कापडाचे उरलेले तुकडे शोधत होते. सुलक्षा मात्र सरळ लोखंडवाल्याकडे गेली आणि तिने खिळे घेतले. मोठे, मधले, बारीक, चांगली पिशवी भरून.

"एवढे खिळे कशाला गं?"

"इतक्या वर्सांत भाड्याच्या खोलयेत एक खिळो मारूक दिलो नाय कोणी," ती म्हणाली. "भिंतीक भोक पडता म्हणत. आता माज्या घरात मी होयो थंय मारतलंय."

बसचं अंग पत्र्याचं असतं, पत्र्यात खिळा बसत नाही, हे मला कळत होतं. पण मी तिचा चेहरा पाहिला. पिशवी तिने छातीशी धरली होती. मी तिला आणखी थोडे बारीक खिळे माझ्या पैशाने घेऊन दिले.

पाळी

त्यांच्या भाड्याच्या खोलीत एक रात्र काढली. खाण बंद होऊन एवढा काळ लोटला, तरी पाळीच्या झाडांच्या बुंध्यांवर अजून खाणीच्या धुळीचा तांबूस रंग आहे. खोलीतलं सामान आधीच बांधून ठेवलेलं. दाराबाहेर रंगाच्या जुन्या बालदीत तुळस होती, तीही चांगली कमरेएवढी.

"ही जमिनीत का नाही लावलीस?"

"जमनीत लावली तर खोली सोडताना सोडून जावक लागतली. म्हणान बालदी."

त्या एका बालदीने किती खोल्या पाहिल्या असतील, याचा मी विचार केला आणि मला गलबलून आलं. आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की रडतात. मला एका तुळशीसाठी रडू आलं, वय झालं म्हणायचं.

सकाळी गुरुदास पिकअप घेऊन आला. मोठ्या मिशांचा, थोडं बोलणारा माणूस. सामान चढवलं, सुलक्षाने खोली झाडली, मालकिणीच्या हातात चावी दिली. एकदाही मागे वळून न पाहता ती तुळस मांडीत घेऊन माझ्या शेजारी बसली. बस उभी राहिल्यापासून तिने ती पाहिली नव्हती. पुरी झाल्याशिवाय यायचं नाही, असं दत्ताने तिला बजावलं होतं.

"दार खंयच्या बाजूक आसा रे?" तिने वाटेत भावाला विचारलं. "तुळस दारासमोर येवक होयी."

गुरुदास रस्त्याकडे बघत म्हणाला, "तूच बघ आता." तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

इब्रामपूर

गावात शिरताना उन्हात वाळत घातलेल्या भाताचा वास येत होता. गुरुदासचं घर, त्यापुढे सारवलेलं अंगण, एका कडेला विहीर, फणसाचं मोठं झाड. आणि अंगणाच्या पलीकडे, लाल दरडीला अगदी चिकटून, चिऱ्यांवर चढवलेली बस. चाकं काढलेली. पत्र्याला पिवळा रंग, आणि खालच्या बाजूने हिरवा पट्टा. खरं सांगते, फार देखणी दिसत होती.

ड्रायव्हरच्या बाजूचं छोटं दार उघडून दत्ता टुणकन खाली उडी मारून आला. या वयातही. "आलीस नव्हं अक्का? बघ की! सुलक्षा, बघ!"

सुलक्षा तुळस घेऊन उभी होती. तिने बस पुढून पाहिली, मागून पाहिली. मग विचारलं, "दार खंय?"

"दार? ह्ये काय..." म्हणत दत्ता वळला आणि तिथेच थांबला.

बसचं दार, म्हणजे माणसं चढतात ते, डावीकडे. दत्ताने बस आणली ती ड्रायव्हर लोकांच्या सवयीने, तोंड रस्त्याकडे करून, पुन्हा निघायला सोयीची अशी लावली. त्यामुळे डावी बाजू गेली दरडीकडे. दार उघडलं की समोर हातभर अंतरावर लाल माती, वर मुळ्या, आणि पाहायला दक्षिण दिशा. विहीर, अंगण, फणस, उजेड, सगळं उजव्या बाजूला. माझ्या भावाच्या हे लक्षातच आलं नव्हतं. येणार कसं? जन्मभर तो आपल्या दाराने चढला, आपल्या दाराने उतरला. माणसं चढतात ते दार त्याला आरशातच दिसायचं.

आणि आता वळवायची म्हटली तरी वळवणार कशी? इंजिन विकून भांडी धुवायची मोरी, पाण्याचा नळ आणि वरची टाकी झाली होती. चाकं विकून वायरिंग झालं होतं. उजवीकडे नवीन दार कापायचं तर तिथे ओटा आणि पलंग पक्के बसवलेले, आणि वेल्डर बोलवायला हातात काही उरलेलं नाही.

मी गुरुदासवर उखडले. "तुम्ही रोज बघत होता ना? मग सांगायला काय झालं होतं?"

तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "अक्कानूं, भावजींची गाडी, भावजी डायवर. बहिणीच्या घोवाक मी कसां शिकवू?"

घ्या! आमच्याकडे मेव्हणा पहिल्या दिवशी बोलला असता आणि चारचौघांत हसला असता. इथे बहिणीच्या नवऱ्याचा मान राखण्यापायी अख्खं घर उलटं बसलं.

सुलक्षा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तुळस खाली ठेवली, फणसाखाली बसली आणि म्हणाली, "उजवाडाची बाजू तुमची, दरडीची माजी."

उजवाड म्हणजे उजेड. दत्ताचं तोंड एवढंसं झालं.

"आत तर ये," तो म्हणाला. "आतनं लई झाक झालंय."

"दरडीतसून मी घरात पाय घालूचंय नाय. आणि भावागेर मी चार दिस इलेली पावणीय नाय. खोलयेची चावी दिवन इलंय मी."

मी मात्र आत गेले. दरडीच्या बाजूने अंग चोरून, पदराला माती लावून घेत शिरले आणि पाहतच राहिले. छताला आतून जुन्या नाटकांच्या जाहिरातींचं फ्लेक्स लावलेलं. पलंगावर आडवं झालं की वरून रंगवलेल्या नट्या आपल्याकडे उलट्या बघतात. चार बाकं तशीच ठेवून त्यांचा सोफा केलेला. मोडलेल्या हॉटेलातून आणलेली मोरी. खिडक्यांना, म्हणजे सुलक्षाच्या भाषेत जनेलांना, सरकत्या काचा शाबूत. कंडक्टरची घंटीची दोरी पुढून मागपर्यंत तशीच, तिच्यावर पंचा वाळत होता. आणि सगळ्यात पुढे, काही न हलवलेलं, ड्रायव्हरचं आसन आणि स्टेअरिंग. पुसून पुसून चकचकीत केलेलं.

दुपारी गुरुदासच्या बायकोने उकड्या तांदळाचा भात, अळसाण्यांचं तोणाक आणि उकडलेली कणगां वाढली. अळसाणे म्हणजे इथली बारीक चवळी, तोणाक म्हणजे तिची वाटपाची आमटी. कणगां हे कंद मी पहिल्यांदाच खाल्ले. इतकं सुरेख जेवण आणि बोलणारं कोणी नाही. शेवटी माझीच जीभ वळवळली. माझी जीभ आमच्या घरात प्रसिद्ध आहे.

"अहो, दार आहे की उजवीकडे. ड्रायव्हरचं. खाली चार चिरे लावले की पायऱ्या झाल्या. सीट आणि स्टेअरिंग काढलं की सरळ घरात."

हे तिथल्या प्रत्येकाच्या मनात आलेलं होतं, हे मला सगळ्यांनी एकदम भाताकडे बघितलं तेव्हा कळलं. दत्ता हात धुवायला उठला. "त्येवढं सोडून काय बी सांग," म्हणाला आणि गेला.

मग मी मशीन मांडलं. बाकांच्या गाद्या उसवून, त्यातला फोम जुळवून पलंगाची गादी करायची होती. जुन्या रेक्झिनला सुई जाईना. माझा सगळा राग त्या रेक्झिनवर निघाला आणि रेक्झिनने तो माझ्या बोटांवर काढला.

ऊन उतरल्यावर चहाचा कप घेऊन बसमध्ये गेले. दत्ता आसनावर बसला होता, दोन्ही हात स्टेअरिंगच्या चाकावर, समोरच्या काचेतून रस्त्याकडे नजर. मी त्याच्याकडे जाताना बाकाच्या पायाला अडखळले. कप सांभाळायच्या नादात दुसऱ्या हाताने वरची दोरी धरली आणि टण्ण करून घंटी वाजली. एकच. त्याचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. इंजिन नसलेली, चाकं नसलेली गाडी माझ्या भावाने थांबवली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मला हसू आलं होतं, पण त्याचे डोळे भरलेले दिसले आणि हसू जिरलं.

"अक्का, इंजिन इकलं, चाकं इकली, तवा मी बोललो का काय?" तो म्हणाला. "आता लोकाच्या बागंत काजूखालचं गवत काढतो, त्याबद्दल बी काय न्हाई. पर हितं बसलो की मी ड्रायव्हर हाय. उतरलो की कोण हाय मी, सांग."

 मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले आणि चहा निवून गेला. त्याचं खरं होतं. बाहेर तुळशीपाशी बसलेल्या तिचंही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दत्ता सकाळपासून दरड खणत होता. पहारीला ठिणग्या येत होत्या आणि जांभा हटत नव्हता. सुलक्षा विहिरीवरून ते बघत होती. काय वाटलं कोण जाणे, तिने कळशी ठेवली, पदर खोचला, फणसाखालचा एक चिरा ओढत आणून ड्रायव्हरच्या दाराखाली लावला आणि त्यावर पाय देऊन दार उघडलं. घरात पाऊल टाकायचं नव्हतं म्हणून आत गेली नाही, नुसती त्या आसनावर चढून बसली. साडी सावरत, स्टेअरिंगला पोट लागू न देता. मी जवळच अंगणात शिवत होते. दत्ता पहार टाकून धावत आला.

"इतक्या वर्सांत ह्या गाडयेत माका एकदा तरी बसयलात?" तिने विचारलं.

"कंपनीची गाडी हुती. घरच्यास्नी बसवायची मनाई हुती."

"म्हायत आसा. म्हणान मी कधी मागलां नाय." तिने चाकावर हात ठेवले. दुधाच्या गरम पातेल्याला हात लावावा तसे, जरा भीत. "हयसून सगळां दिसता. बांय दिसता," ती विहिरीकडे बघत म्हणाली, "फणस दिसता, रस्तो दिसता. म्हणान तुमी हय बसतात."

दत्ता खाली उभा होता. 

"जल्मभर तुमी ह्याच दारान चडलात," सुलक्षा म्हणाली. "माका दुसरां दार नको. माका त्याच दारान भितर घेवा."

एवढं बोलून ती उतरली आणि कळशी घेऊन विहिरीकडे गेली. मी मशीनचं चाक उगाच फिरवत राहिले. सुईत दोरा नव्हता, ते मला बऱ्याच वेळाने दिसलं.

उजाडताना ठोकाठोकीने जाग आली. अंगणात येऊन पाहते तर दत्ता आणि गुरुदास घामाघूम. स्टेअरिंगचं नट गंजून बसलं होतं. त्यावर खोबरेल ओतून, पान्याला पाइप लावून दोघं लोंबकळत होते. "अक्कानूं, बघा, ह्येका घरातसून भायर यायचां नाय," गुरुदास म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला. चहाच्या आधी नट सुटलं. दत्ताने चाक स्वतः उचलून आणलं. आसन फणसाखाली ठेवलं आणि चाक त्या आसनावर. कोणाला हात लावू दिला नाही. मग तो चिऱ्यांच्या पायऱ्या लावायला बसला.

सुलक्षाने बालदीतली तुळस काढली आणि त्या पायऱ्यांसमोर, जमिनीत लावली. मुळं बालदीच्या आकाराची गोल झाली होती. तिने ती बोटांनी हळूहळू मोकळी केली.

आमच्याकडे नव्या घराला भटजी, वास्तुशांत आणि सत्यनारायण लागतो. इब्रामपूरला आधी गाऱ्हाणं घालतात. गावचा जाणता माणूस देवाला आणि सीमेवरच्या राखणदाराला, हे हे काम आहे, सांभाळ, असं मोठ्याने सांगतो आणि जमलेले होकार भरतात. नारळ, तांदळाचा रोट, विडी आणि राखणदारासाठी थोडी दारू. दारू पाहून माझ्या भुवया वर गेल्या. सुलक्षा म्हणाली, "रातभर फिरता बिचारो, थंडी वाजता तेका." मी भुवया खाली घेतल्या.

गाऱ्हाणं घालायला भिकूतात्या आले. वाकलेले, पण आवाज खणखणीत. त्यांनी बसभोवती नजर फिरवली आणि नारळ हातात घेऊन थांबले.

"आधी माका सांगा, देवाक काय म्हणान सांगू? गाडी म्हणान सांगलां तर तो रस्त्यार राखण करतलो. घर म्हणान सांगलां तर हय बसान करतलो. एका गाऱ्हाण्यात दोनूय जावचां नाय."

शेजारपाजारची माणसं दत्ताकडे बघायला लागली. तो बसमध्ये होता, खिडक्यांच्या काचा पुसायचं निमित्त करून. सुलक्षा पायऱ्यांखाली पेटती समई घेऊन उभी. ती त्याच्याकडे बघत नव्हती, ज्योतीकडे बघत होती. कोणी त्याला घाई केली नाही. मीसुद्धा, आयुष्यात पहिल्यांदा, तोंड मिटून राहिले.

दत्ताने काचेवरचं फडकं खाली ठेवलं. दोन पावलं आला. वर हात नेला, दोरीवरचा पंचा बाजूला केला आणि घंटी दिली.

एकच.

बसने फिरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. दोन म्हणजे चल, एक म्हणजे थांब. भिकूतात्यांनी मान हलवली, नारळ कपाळाला लावला आणि आवाज चढवला.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! ह्यां दत्ताचां आणि सुलक्षाचां घर आसा..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. आतून दत्ताचाही आवाज आला, सगळ्यांच्या मागून, पण सगळ्यांत मोठा.

तो ड्रायव्हरच्या दारात आला, खाली वाकला आणि त्याने हात पुढे केला. सुलक्षाने एका हातात समई सांभाळत दुसरा हात त्याला दिला आणि उजवा पाय घरात ठेवला.